रुपेरी आगगाडीचे धनी : माधवराव शिंदे

राजेरजवाड्यांच्या छंदांच्या कथा आपण पुष्कळ ऐकतो. कोणी कुत्र्यांचे विवाहसोहळे थाटले, कोणी परदेशी मोटारींचे ताफे बाळगले, कोणी हिऱ्यामोत्यांच्या राशी रचल्या. अशा छंदांतून प्रजेच्या उपयोगाचे काही निपजले, अशी उदाहरणे मात्र विरळा. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांचे चरित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्यांना वेड होते आगगाडीचे. त्या वेडाची एक खूण त्यांनी आपल्या भोजनमेजावर मांडली आणि दुसरी चंबळेच्या उजाड खोऱ्यातून दोनशे किलोमीटरपर्यंत अंथरली. पहिली चांदीची होती, दुसरी लोखंडाची.

सुरतेच्या मुलांना आगगाडीचे नवल सांगावे लागत नाही. १८६० साली अंकलेश्वर ते उत्राण हा मार्ग खुला झाला आणि तेव्हापासून तापीच्या या परिसराला इंजिनाची शीळ परिचित आहे. आपल्यापैकी अनेकांनी दक्षिणेस बिलिमोऱ्याहून डांगच्या जंगलाकडे, वघईस जाणारी चिमुकली गाडीही पाहिली असेल. ती बडोद्याच्या गायकवाड सरकारने बांधली. गायकवाड आणि शिंदे ही दोन्ही मराठी घराणी. एक गुजरातेत स्थिरावले, दुसरे माळव्यात आणि ग्वाल्हेरीस. दोघांच्याही राजवटीत अरुंद रुळांच्या गाड्यांनी आडवळणाचा मुलूख बाजारपेठेला जोडला. म्हणून ग्वाल्हेरची ही हकीकत आपल्याला दूरची वाटू नये.

माधवरावांचा जन्म २० ऑक्टोबर १८७६ रोजी झाला. त्यांचे वडील जयाजीराव शिंदे. १८५७ च्या धामधुमीत ज्यांच्या हातून काही काळ ग्वाल्हेर निसटले आणि पुन्हा मिळाले, तेच हे जयाजीराव. त्यांचे दिवाण सर दिनकरराव राजवाडे यांचे नाव इतिहासाच्या पुस्तकातून आपल्याला ठाऊक आहे. जयाजीरावांनी १८७४ साली जयविलास हा विशाल राजवाडा बांधविला. त्याचा आराखडा मायकेल फिलोज यांनी केला. दरबार महालाच्या छताला जी दोन प्रचंड झुंबरे टांगली आहेत, ती प्रत्येकी सुमारे साडेतीन टनांची आहेत. छत इतका भार पेलील की नाही हे अजमावण्यासाठी आधी हत्ती गच्चीवर चढवून पाहिले, अशी कथा ग्वाल्हेरीत सांगतात. आग्रा ते ग्वाल्हेर हा लोहमार्ग जयाजीरावांच्याच द्रव्यसाहाय्याने झाला आणि १८८१ साली वाहतुकीस खुला झाला. त्या वेळी माधवराव चार-पाच वर्षांचे होते. राजधानीच्या दारात प्रथमच इंजिन येऊन उभे राहिले आणि राजपुत्राने ते त्या वयात पाहिले. बालपणी डोळ्यांत भरलेली वस्तू पुष्कळदा आयुष्यभर मनातून जात नाही.

१८८६ साली दोन गोष्टी घडल्या. अठ्ठावीस वर्षे इंग्रजांच्या ताब्यात असलेला ग्वाल्हेरचा किल्ला झाशीच्या बदल्यात शिंद्यांना परत मिळाला आणि त्यानंतर थोड्याच महिन्यांत, २० जून रोजी, जयाजीराव निवर्तले. माधवराव वयाच्या दहाव्या वर्षी गादीवर आले. कारभार राजप्रतिनिधी मंडळाकडे गेला. मुलाचे लालनपालन मातोश्री सख्याराजे यांच्या देखरेखीखाली झाले. सुमारे २५ हजार चौरस मैलांचे आणि तीस लाखांच्या आसपास वस्तीचे हे राज्य होते. एकवीस तोफांच्या सलामीचा मान असलेल्या मोजक्या संस्थानांत त्याची गणना होई. एवढ्या पसाऱ्याचा धनी असलेला हा पोरका मुलगा शिक्षक, सरदार आणि इंग्रज अधिकारी यांच्या गराड्यात वाढला. १५ डिसेंबर १८९४ रोजी त्याला राज्याचा पूर्ण अधिकार मिळाला, तेव्हा त्याने नुकतीच अठरा वर्षे पुरी केली होती.

तरुण महाराजांनी राजवाड्याच्या परिसरात दोन फूट रुंदीचे रूळ टाकविले आणि त्यांवर छोटी इंजिने आणविली. राजाने स्वतः इंजिनाच्या कठड्याशी उभे राहावे, वाफेचा दाब पाहावा, कळ ओढावी, हे दरबारी मंडळींना विचित्रच वाटले असणार. परंतु माधवरावांना इंजिन चालविणे खरोखर येत होते आणि ते हौसेने चालवीत.

दोन फूट म्हणजे ६१० मिलिमीटर. सुरत स्टेशनातून जाणाऱ्या मोठ्या गाडीचे रूळ १६७६ मिलिमीटर अंतरावर असतात, बिलिमोरा-वघईचे ७६२ मिलिमीटर. म्हणजे ग्वाल्हेरची गाडी वघईच्या गाडीपेक्षाही लहान. इतके अरुंद रूळ कशासाठी, असा प्रश्न चौकस विद्यार्थ्याला पडेल. रूळ जितके अरुंद तितका भराव कमी, पूल हलके, खर्च थोडा. शिवाय गाडीला तीव्र वळण घेता येते. चंबळ, क्वारी, सिंध या नद्यांनी कोरून काढलेल्या मुलखात हा मोठाच लाभ होता. तोटा अर्थात वेगाचा. पण ज्या गावांना बैलगाडीखेरीज दुसरे वाहन माहीत नव्हते, त्यांना वेगाची तक्रार कोठून सुचणार?

१८९९ साली ग्वाल्हेरहून भिंडकडे आणि शिवपुरीकडे लोहमार्ग खुले झाले. त्याच वर्षी पाऊस रुसला आणि पश्चिम व मध्य हिंदुस्थानावर घोर दुष्काळ कोसळला. गुजरातेत वृद्ध माणसे पिढ्यान्‌पिढ्या ज्याला छप्पनियो म्हणत आली, तोच हा दुष्काळ. विक्रम संवत १९५६ वरून हे नाव पडले. अशा संकटात देशात धान्य अजिबात नसते असे नाही. ते असते एकीकडे आणि भुकेलेली माणसे असतात दुसरीकडे, आणि मधला रस्ता तुडविणारी जनावरे चाऱ्यावाचून आधीच मेलेली असतात. जेथे रूळ पोहोचले तेथे दाणा पोहोचू शकतो, हा त्या काळातील मोठा धडा होता. पुढे सबळगडच्या दिशेने तिसरी शाखा निघाली आणि १९०९ पर्यंत ती थेट श्योपूरला जाऊन भिडली. ग्वाल्हेर ते श्योपूर हे सुमारे २०० किलोमीटरचे अंतर दोन फुटी रुळांवरून तोडायला गाडीला अवघा दिवस लागे. इतक्या अरुंद रुळांवर इतका लांब सलग मार्ग जगात क्वचितच झाला असेल.

आता मेजावरच्या गाडीकडे वळू. जयविलास राजवाड्यातील भोजनगृहात लांबलचक मेज आहे. त्यावर चांदीचे रूळ आहेत आणि त्या रुळांवर चांदीची आगगाडी. पुढे इंजिन, मागे डबे. डब्यांवर शिंदे या आडनावाची इंग्रजी अक्षरे एकेक करून बसविलेली. डब्यांत काचेच्या नक्षीदार सुरया आणि चिरूट. जेवण आटोपले की यजमान कळ दाबीत आणि गाडी पाहुण्यांपुढून संथपणे फिरू लागे. कोणी सुरई उचलली की गाडी थबके, सुरई जागेवर ठेवली की पुन्हा चालू लागे, असे सांगतात. (गाडीतील माल मद्याचा होता, हे शाळेच्या अंकात लिहिताना लेखणी किंचित अडखळते. पण इतिहास आहे तसाच सांगितला पाहिजे.) सुरई उचलताच गाडी का थांबावी, याचे कोडे आमच्या नववीच्या मुलांनाही सोडविता येईल. सुरईच्या वजनाने तिच्याखालची एक कमानदार पट्टी दाबलेली असली आणि त्या पट्टीतूनच मोटारीकडे प्रवाह जात असला, तर भार उचलताच पट्टी वर येईल, मंडल तुटेल आणि गाडी थांबेल. घराच्या दारावरची घंटा ज्या तत्त्वावर वाजते, तेच तत्त्व उलटे केले की झाले.

या गाडीविषयी आणखी एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. व्हाइसरॉयच्या सन्मानार्थ दिलेल्या एका मेजवानीत विजेच्या जोडणीत बिघाड झाला, गाडी महाराजांच्या हातातून सुटली आणि भरधाव धावत तिने बड्या पाहुण्यांच्या अंगावर खाद्यपेयांचे शिंतोडे उडविले, अशी ती कथा आहे. ती रंगवून सांगितली गेली आहे हे उघड आहे. परंतु अशा मेजावर बिघाड होणे मुळीच अशक्य नाही. सर्व धातूंत विजेचा उत्तम वाहक चांदी. रूळ चांदीचे, आणि भोवती चमचे-काटेही चांदीचे. एखादा चमचा दोन रुळांवर आडवा पडला की शॉर्ट सर्किट झालेच. शोभेच्या दृष्टीने चांदी उत्कृष्ट, पण जेवणाच्या मेजावर रूळ उघडे ठेवायचे तर ती धोक्याची.

विद्यार्थी मित्रहो, ही गाडी पाहून आलेल्या किंवा तिचे चित्र पाहिलेल्या मुलांच्या मनात हटकून एक इच्छा उत्पन्न होते. आपल्याही घरी अशी गाडी असावी. चांदीची नाही, साधी. म्हणून चरित्राचा धागा थोडा वेळ बाजूला ठेवून, साध्या ट्रान्सफॉर्मरवर चालणारे छोटे इंजिन कसे निवडावे, हे येथेच सांगून टाकतो. पालकांनाही ते उपयोगी पडेल, कारण अशा वस्तू स्वस्त नसतात आणि चुकीची निवड कपाटात पडून राहते.

मेजावरच्या विजेच्या गाड्या माधवरावांच्या तारुण्यातच जन्मल्या. जर्मनीतील मेर्क्लिन कंपनीने १८९१ साली खेळण्यातील रुळांची ठरावीक मापे प्रचारात आणली. न्यूयॉर्कमध्ये जोशुआ लायोनेल कोवेन याने विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर विजेची गाडी विकावयास काढली. इंग्लंडात बॅसेट-लोक हे दुकान १८९९ पासून हुबेहूब लहान इंजिने बनवू लागले आणि फ्रँक हॉर्नबीच्या गाड्या १९२० मध्ये बाजारात आल्या. आरंभी या गाड्या बॅटरीवर चालत, किंवा काही ठिकाणी घरातला प्रवाह दिव्यांच्या माळेतून नेऊन क्षीण करून रुळांत सोडीत. हा दुसरा प्रकार जिवावर बेतणारा होता. ट्रान्सफॉर्मर आला आणि तो धोका टळला.

ट्रान्सफॉर्मरला मराठीत रोहित्र म्हणतात. त्याचे मूळ मायकेल फॅरडेने १८३१ साली केलेल्या प्रयोगात आहे. लोखंडी गाभ्यावर तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात, पहिल्यात पुष्कळ वेढे, दुसऱ्यात थोडे. पहिल्यात घरातील २३० व्होल्टचा उलटसुलट वाहणारा प्रवाह सोडला की दुसऱ्यात बारा-सोळा व्होल्टचा प्रवाह मिळतो. दोन वेटोळ्यांत तारेचा संबंध नसतो, म्हणून रुळाला बोट लागले तरी झटका बसत नाही. पुढे रेक्टिफायर त्या प्रवाहाला एकाच दिशेने वाहावयास लावतो, एक गोल कळ त्याचा दाब कमीजास्त करते आणि दुसरी कळ दिशा बदलते. दाब वाढविला की इंजिन वेगाने धावते, दिशा उलटविली की मागे येते. याहून साधी व्यवस्था नाही. एका वेळी एका रुळावर एकच इंजिन चालवायचे असेल, तर याहून अधिकाची गरजही नाही.

अलीकडे मात्र निराळी पद्धत रूढ झाली आहे. तीत रुळांत सदैव पूर्ण दाब असतो आणि त्यावरून सांकेतिक आज्ञा धाडल्या जातात. प्रत्येक इंजिनाच्या पोटात एक चिप असते, ती आपल्या नावाची आज्ञा ओळखून मोटार, दिवे आणि आवाज चालविते. ही पद्धत सुंदर आहे, पण खर्चाची. ज्याच्याजवळ साधा ट्रान्सफॉर्मर आहे, त्याने चिप नसलेले इंजिन घ्यावे हे उत्तम. चिप असलेली काही इंजिने साध्या प्रवाहावरही चालतात. परंतु आधी काही व्होल्ट चिपलाच लागतात, म्हणून कळ बरीच फिरविली तरी इंजिन ढिम्म राहते आणि मग एकाएकी उसळी मारते. मुलांना वाटते की इंजिन बिघडले.

दुसरी खबरदारी प्रवाहाच्या जातीची. दोन रुळांची इंजिने बहुधा बारा व्होल्टच्या एकदिश प्रवाहाची असतात. मेर्क्लिनच्या जुन्या पद्धतीत रुळांमध्ये तिसरा वाहक असतो, प्रवाह उलटसुलट असतो आणि दिशा बदलण्यासाठी क्षणभर चोवीस व्होल्टच्या आसपासचा धक्का द्यावा लागतो. एकाचे इंजिन दुसऱ्याच्या रुळावर ठेवले तर ते चालणार नाही. बागेत चालविण्याच्या ४५ मिलिमीटर रुळांच्या मोठ्या इंजिनांना अठरा ते चोवीस व्होल्ट आणि पुष्कळ अधिक प्रवाह लागतो. लहान ट्रान्सफॉर्मर त्यांना पुरा पडत नाही. ट्रान्सफॉर्मरवर छापलेले आकडे आणि इंजिनाच्या खोक्यावरचे आकडे ताडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

तिसरी गोष्ट म्हणजे इंजिनाला प्रवाह घेता आला पाहिजे. हे चाकांतून होते. ज्याची सर्व चाके प्रवाह घेतात आणि जे हाताला वजनदार लागते, ते धुळीच्या रुळावरही अडखळत नाही. सुरतेच्या दमट हवेत आणि धुळीत ही बाब महत्त्वाची आहे. आठवड्यातून एकदा रूळ कोरड्या फडक्याने पुसावेत. मेज लहान, वळणे तीव्र, तर लांबलचक वाफेचे इंजिन घेऊन उपयोग नाही. ते दिसते देखणे, पण वळणावर रूळ सोडते. पाण्याची टाकी अंगावरच बाळगणारे आखूड इंजिन किंवा दोन्ही टोकांना चाकांचे छोटे गाडे असलेले डिझेल इंजिन बरे. माझा कौल डिझेलला आहे. मुलांचा कौल नेहमी वाफेच्या इंजिनाला असतो, हे मला ठाऊक आहे.

ज्यांना आपल्याकडची गाडी हवी, त्यांच्यासाठी एक गंमतीचे गणित. बाजारात ९ मिलिमीटर अंतराचे रूळ मिळतात. ७६२ ला ८७ ने भागा, उत्तर पावणेनऊच्या आसपास येते. म्हणजे ८७ पट लहान केलेली बिलिमोरा-वघई गाडी त्या रुळांवर जवळजवळ तंतोतंत बसते. डबे पुठ्ठ्याचे करता येतील. डांगचे साग काड्यांचे. ग्वाल्हेरच्या ६१० साठी हाच भागाकार करून पाहावा.

आता पुन्हा माधवरावांकडे. १९०० मध्ये चीनमध्ये बंड उसळले आणि इंग्रज फौजा तिकडे गेल्या. महाराजांनी स्वखर्चाने रुग्णनौका धाडली आणि स्वतःही सेनापती गॅसली यांच्या पदरी अधिकारी म्हणून चीनला जाऊन आले. पहिल्या महायुद्धात त्यांनी याहून मोठी गोष्ट केली. एम्प्रेस ऑफ इंडिया नावाचे उतारूंचे जहाज १९१४ मध्ये रुग्णनौकेसाठी घेतले आणि तिला लॉयल्टी हे नाव दिले. युद्ध संपल्यावर १९१९ साली हेच जहाज वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकत घेतले. त्यांच्या जहाज कंपनीचे नाव सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन पडले ते ग्वाल्हेरच्या या संबंधामुळेच. ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी मुंबईहून लंडनकडे निघाले. परकी कंपन्यांच्या मक्तेदारीला एतद्देशीयांनी दिलेले ते आव्हान होते, आणि म्हणूनच ५ एप्रिल हा आपल्या देशात सागरी दिन म्हणून पाळला जातो. ज्या जहाजाचे नाव राजनिष्ठा, त्याच जहाजाने इंग्रजी व्यापाराशी स्पर्धा मांडावी, हा योग मौजेचा खरा.

सरदारांच्या मुलांसाठी त्यांनी १८९७ मध्ये काढलेली शाळा पुढे सिंदिया स्कूल या नावाने विख्यात झाली. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या साहाय्याने १९१८ साली माधव संगीत महाविद्यालय निघाले आणि ग्वाल्हेर घराण्याच्या गायकीला विद्यालयाची शिस्त लाभली. त्यांनी पुराणवस्तू खाते उघडले, बिर्लांना बोलावून १९२१ मध्ये वडिलांच्या नावाने कापडाची गिरणी उभी करविली. शिकारीचा नादही दांडगा होता. वाघाच्या शिकारीवर त्यांनी पुस्तकच लिहिले. आज तो नाद कोणाला आवडणार नाही, आणि मलाही त्याची थोरवी गावी असे वाटत नाही.

सगळेच बेत सिद्धीस गेले नाहीत. ग्वाल्हेरला पाणी मिळावे म्हणून सांक नदीवर तिघरा येथे धरण बांधले. १९१७ च्या ऑगस्टमध्ये, पुरे होऊन फार काळ लोटला नव्हता तोच, ते फुटले. पायाखालच्या वालुकाश्मात पाणी मुरले होते. खालच्या गावांतील असंख्य माणसे वाहून गेली. धरण पुन्हा बांधावे लागले आणि आजही ग्वाल्हेर शहर त्याचे पाणी पिते. राज्यकर्त्याच्या हाती कळ असली तरी खडकाच्या पोटात काय चालले आहे ते त्याला दिसत नाही. ते अभियंत्याला दिसावे लागते, आणि त्याचे ऐकून थांबण्याचा धीर असावा लागतो.

येथेच एक प्रश्न मनात येतो, तो टाळू नये. चांदीचे इंजिन ज्या खजिन्यातून आले, तो खजिना शेतसाऱ्याने भरत असे. भिंडच्या शेतकऱ्याने ते मेज कधी पाहिले नाही. त्याने पाहिली ती दोन फुटी गाडी, आणि तीत तो तिकीट काढून बसला. मेजावरच्या गाडीचा खर्च रानातल्या गाडीने क्षम्य ठरतो काय? माझ्या मते ठरत नाही. दोन्ही हिशेब वेगळे मांडले पाहिजेत. परंतु त्या काळच्या बहुतेक संस्थानिकांच्या वहीत फक्त पहिलाच हिशेब सापडतो, हेही तितकेच खरे. ग्वाल्हेरच्या वहीत दुसरे पान आहे.

महाराजांच्या द्वितीय पत्नी गजराराजे या गोव्याच्या राणे घराण्यातील. आम्हां कोकणी बोलणाऱ्यांना त्यामुळे ग्वाल्हेर थोडे सोयऱ्याचे गाव वाटते. कन्या कमलाराजे आणि पुत्र जिवाजीराव यांना इंग्लंडच्या राजाराणीवरून मेरी आणि जॉर्ज अशीही नावे दिली होती. युवराजांपैकी जो १९०५ साली ग्वाल्हेरचा पाहुणा होऊन गेला, तोच पुढे पाचवा जॉर्ज झाला. ही निष्ठा आज आपल्याला खटकते. त्या काळी ती संस्थानिकांच्या रीतीचाच भाग होती.

५ जून १९२५ रोजी, वयाची एकोणपन्नास वर्षे पुरी होण्याआधीच, माधवरावांचे पॅरिस येथे निधन झाले. त्यांच्या आवडत्या शिवपुरीस, मातोश्री सख्याराजे यांच्या छत्रीसमोर त्यांची छत्री उभी आहे. जिवाजीरावांचा जन्म २६ जून १९१६ चा. म्हणजे वडील गेले तेव्हा त्यांना नऊ वर्षेही पुरी झाली नव्हती. माधवराव स्वतः ज्या वयात पोरके झाले, जवळजवळ त्याच वयात त्यांचा मुलगा पोरका झाला आणि ग्वाल्हेरचा कारभार पुन्हा एकदा राजप्रतिनिधी मंडळाकडे गेला.

स्वातंत्र्यानंतर संस्थान विलीन झाले आणि ग्वाल्हेरची छोटी रेल्वे भारतीय रेल्वेत सामावली गेली. भिंडकडचे रूळ रुंद झाले. श्योपूरची गाडी मात्र कितीतरी वर्षे आपल्या चालीने चालतच राहिली. टपावर माणसे, खिडकीतून लोंबणाऱ्या पिशव्या, अशी तिची छायाचित्रे पुष्कळांनी पाहिली असतील. २०२० साली ती थांबली आणि तिच्या वाटेवर टप्प्याटप्प्याने रुंद रूळ टाकण्यात येऊ लागले. जयविलास राजवाड्याचा एक भाग १९६४ पासून जिवाजीरावांच्या नावाचे संग्रहालय म्हणून लोकांना खुला आहे. झुंबरांचा दरबार महाल आणि चांदीच्या गाडीचे मेज ही दोन्ही तेथेच पाहावयास मिळतात. जाणाऱ्याने मेजाशी थोडे वाकून रुळांची जोडणी आणि डब्यांतील सुरयांच्या जागाही पाहाव्यात. बहुतेक लोक फक्त चांदी पाहून पुढे जातात.